जुन्या दारांचे रंग

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे मंडळाच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादी राणी किंवा एखादी संत कवयित्री असावी. मी मात्र दारांवर लिहिणार आहे. गेली काही वर्षे पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडून मी वाड्यांच्या झिजलेल्या, उन्हापावसाने विटलेल्या दारांची रंगीत छायाचित्रे काढते, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. ‘त्या मोडक्या दारांत एवढे काय ठेवले आहे?’ असेही मला पुष्कळजणींनी विचारले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

थोडक्यात सांगायचे तर ते असे : वाडा कोणी बांधला हे दाराच्या कोरीव कामावरून समजते, पण त्या वाड्यात कोण नांदले, कोण राबले, हे दाराच्या रंगावरून समजते. नक्षी एकदाच झाली आणि ती सुताराने केली. रंग मात्र पिढ्यान्‌पिढ्या चढत राहिला, आणि तो बहुतेक घरच्या बायकांच्या हातांनी चढला.

आपल्याकडचे वाड्याचे दार म्हणजे नुसत्या दोन फळ्या नव्हेत. जाड सागवानी चौकट, वरच्या आडव्या लाकडावर मधोमध कोरलेला गणपती, दोन अंगांना कमळे, मोठ्या दारातच बसवलेली लहानशी दिंडी, कडी-कोयंडा, आणि आतल्या बाजूने भिंतीच्या पोकळीत सरकणारी आगळ, असा त्याचा सरंजाम असतो. आत पाऊल टाकले की देवडी, आणि तिच्यापलीकडे चौक. पुण्यातले सर्वांत प्रसिद्ध दार शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. वाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि वास्तुशांत १७३२ मध्ये झाली. १८२८ च्या आगीत आतले महाल जळून गेले. तट, बुरूज आणि दरवाजे तेवढे राहिले. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दिल्ली दरवाजाला ठोकलेले अणकुचीदार खिळे आपण सर्वांनी लहानपणी बोट लावून पाहिले आहेत. पण ते सत्तेचे दार आहे. त्याची चित्रे निघाली, पुस्तकांत छापली गेली, पुढेही छापली जातील. आपल्या आज्या-पणज्या ज्या दारांतून माप ओलांडून आत आल्या, ती दारे साधी होती. त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन सहसा कोणी वळले नाही.

अशा एखाद्या साध्या दाराजवळ जाऊन जरा निरखून पाहावे. उंबरठ्याच्या दोन्ही टोकांना हळदकुंकवाची बोटे उमटून उमटून लाकडाचा मूळ रंगच हरवलेला असतो. चौकटीच्या माथ्यावर तोरणाचे खिळे असतात; एक गंजला की त्याच्या शेजारी दुसरा, दुसऱ्याच्या शेजारी तिसरा. बाजूच्या कोनाड्यावर पणतीच्या काजळीची काळी जीभ वर गेलेली दिसते. कडीच्या आसपास, जिथे दार रोज ढकलले जाते, तिथे लाकूड तेलकट गुळगुळीत झालेले असते. त्या गुळगुळीतपणाची जमिनीपासूनची उंची पाहिली तर ढकलणारा हात बाईमाणसाचा की पोराचा याचाही अंदाज येतो. आणि जिथे ऑइलपेंटचे पापुद्रे सुटले आहेत, तिथे हिरव्याखाली निळा, निळ्याखाली तपकिरी, त्याखाली गेरू असे थर दिसतात. घरात कार्य निघाले की दाराला रंग लावायचा, ही आपली रीत. तेव्हा प्रत्येक थर म्हणजे कोणाचे तरी लग्न किंवा कोणाची तरी मुंज समजायला हरकत नाही.

निसर्गही त्या रंगांत आपली भर घालतो. ऊन लाकडाचा वरचा थर हळूहळू कमकुवत करते, पाऊस तो धुऊन नेतो आणि खाली करडे, रेघारेघांचे लाकूड उघडे पडते. लोखंडी खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरतो. लाकडातल्या तुरट द्रव्याचा आणि लोखंडाचा ओलाव्यात संयोग होऊन तो बनतो. भिंतीच्या चुन्यात घातलेली नीळ एका अंगाला टिकते, तर पागोळ्या पडतात त्या अंगाला धुऊन जाते. हळदीचा पिवळा रंग उन्हात फार दिवस राहत नाही. म्हणून उंबरठ्यावर हळद ताजी दिसली की समजावे, या घरात अजून कोणीतरी रोज पूजा करते आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. हे सगळे रंगात आहे; आणि छायाचित्रणाच्या कलेला प्रारंभी नेमके हेच दिसत नव्हते.

छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला १८३९ मध्ये. पुढची तीसचाळीस वर्षे ज्या काचा वापरात होत्या, त्यांच्यावर मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाश उमटे. पिवळा फार थोडा आणि लाल जवळजवळ नाहीच. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरवा-पिवळा प्रकाश ओळखायला लावले. तांबड्यासह सर्व रंगांची दखल घेणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडावे लागले. याचा अर्थ काय, हे आपल्या घरातल्या जुन्या फोटोंत पाहता येईल. पणजीच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू त्या फोटोत काळे ठिपके होऊन बसलेले असते. तिच्या लुगड्याचा निळा रंग फिका, जवळजवळ पांढरा उतरलेला असतो. मग दाराचे काय होणार? निळीची भिंत पांढरी, आणि उंबरठ्यावरची हळद व कुंकू दोन्ही काळी. म्हणजे ज्या खुणा बायकांनी भक्तीने केल्या, त्या फोटोत मळाच्या डागांसारख्या दिसणार. कोरीव गणपती मात्र छायाप्रकाशात सुंदर उठून दिसे. सुताराचे नाव नाही तरी काम राहिले. घरच्या बाईचे कामही राहिले नाही.

पडत्या शहराची छायाचित्रे काढून ठेवावीत, हा विचार मात्र तेव्हाच सुरू झाला होता. पॅरिसमध्ये १८५० नंतर ओस्मान या अधिकाऱ्याने जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढायला घेतले. जे पाडायचे त्याची नोंद असावी म्हणून नगरपालिकेने शार्ल मारव्हिल या छायाचित्रकाराला नेमले आणि त्याने चारशेहून अधिक रस्त्यांची चित्रे काढली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १८६८ ते १८७१ या काळात टॉमस ॲनन याने पाडावयाच्या दाट वस्तीतल्या बोळांची छायाचित्रे काढली. लंडनमध्ये एक जुनी सराई पाडली जाणार असे कळल्यावर १८७५ मध्ये काही नागरिकांनी पदरचे पैसे घालून तिची छायाचित्रे काढविली. त्यातूनच एक मंडळ उभे राहिले आणि १८८६ पर्यंत त्याने जुन्या लंडनची एकशेवीस छायाचित्रे प्रसिद्ध केली. म्हणजे हे काम सरकारचेच असते असे नाही. नागरिकांच्या एखाद्या मंडळालाही ते साधते.

ॲननच्या चित्रांतली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या अंधाऱ्या बोळांत काच पुष्कळ वेळ उघडी ठेवावी लागे. त्यामुळे दगडी भिंती स्पष्ट आल्या. पण हललेली माणसे धूसर झाली. वर दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, ते धुणाऱ्या बाया मात्र बहुधा दिसत नाहीत. ती चित्रे नव्या सुधारणेच्या कामासाठी काढली होती, भाडेकरूंसाठी नव्हे. हा मुद्दा लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडेल.

यानंतर पॅरिसमध्येच अझेन आजे नावाचा एक गृहस्थ तीस वर्षे अवजड कॅमेरा खांद्यावर घेऊन हिंडला. जुनी दारे, दारांवरचे ठोके, जिने, अंगणे हा त्याचा विषय. १९२७ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे नाव थोड्याच लोकांना ठाऊक होते. त्याच्या मागे राहिलेल्या हजारो काचा आणि छापे वाचविले ते बेरेनीस ॲबट या अमेरिकन तरुणीने. तिने ते विकत घेतले, न्यूयॉर्कला नेले, चाळीस वर्षे सांभाळले आणि १९६८ मध्ये तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाच्या स्वाधीन केले. दरम्यान तिने स्वतः बदलत्या न्यूयॉर्क शहराची छायाचित्रे काढून १९३९ मध्ये त्यांचे पुस्तकही केले. एका पुरुषाने आयुष्यभर जमविलेला ठेवा एका बाईने राखला. आपल्या मंडळातल्या ज्यांनी सासऱ्यांची कागदपत्रे, जुनी पत्रे ट्रंकेत जपून ठेवली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता रंगाची कथा. १८६१ मध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लाल, हिरव्या आणि निळ्या काचांमधून घेतलेली तीन चित्रे एकावर एक टाकून रंगीत फितीची प्रतिमा पडद्यावर दाखविली. पण सामान्य माणसाच्या हाती रंगीत छायाचित्र आले ते १९०७ मध्ये, फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंमुळे. त्यांची युक्ती ऐकून आपल्याला गंमत वाटेल. त्यांनी बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण घेतले. काही नारिंगी, काही हिरवे, काही जांभळे रंगविले. काचेवर ते एकत्र पसरले आणि कणांमधल्या फटी काजळीने भरल्या. त्या कणांच्या जाळीतून प्रकाश गेला की रंग उमटत. स्वयंपाकघरातला बटाटा आणि डोळ्यांतले काजळ, यांवर रंगीत छायाचित्रणाची पहिली पंचवीस वर्षे उभी होती असे म्हटले तरी चालेल! या काचेला उजेड फार लागे, म्हणून हलणाऱ्या वस्तूंपेक्षा भिंती, बागा आणि दारे हेच विषय तिला मानवत. आल्बेर काँ या फ्रेंच सावकाराने १९०९ ते १९३१ या काळात देशोदेशी माणसे पाठवून अशा सुमारे ७२,००० काचा जमविल्या. त्याचे छायाचित्रकार आपल्या देशातही येऊन गेले होते.

१९३५ मध्ये कोडाक्रोम फिल्म निघाली. तिची रीत शोधून काढणारे दोघेही पेशाने संगीतकार होते. तरी पुष्कळ वर्षे ‘खरा कलावंत काळ्यापांढऱ्यातच काम करतो, रंग हे जाहिरातीचे काम’ अशी समजूत होती. मोडक्या घरांची आणि जुन्या पाट्यांची अप्रतिम चित्रे काढणारा अमेरिकेचा वॉकर इव्हान्स रंगीत छायाचित्रणाला अभिरुचिहीन म्हणे. आणि त्यानेच १९७३ मध्ये, आयुष्याच्या शेवटी, झटपट चित्र देणारा पोलरॉइड कॅमेरा घेऊन विटलेल्या पाट्या रंगात टिपल्या. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या पायऱ्यांवर, दारांत खेळणारी मुले हेलन लेव्हिट या बाईने १९५९-६० मध्ये रंगात टिपली. १९७० मध्ये घरफोडी होऊन त्यांतली बहुतेक चित्रे चोरीस गेली. ती पुन्हा कॅमेरा घेऊन त्याच रस्त्यांवर गेली.

आपल्याकडे रंगीत फिल्म महाग आणि दुर्मिळ होती. पुष्कळ घरांत काळापांढरा फोटो काढून त्यावर हाताने रंग भरून घेत. मूळ जयपूरचे रघुवीर सिंह (१९४२–१९९९) यांनी मात्र सुरुवातीपासून रंगाचाच आग्रह धरला. रंग वगळून भारत पाहताच येत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. गंगाकाठ, राजस्थान, मुंबई यांची त्यांची चित्रे पाहिली की ते पटते. आमच्या उंबरठ्यांवरची हळद तर काळ्यापांढऱ्यात दिसतच नाही. मग त्यांचे मत खोटे कसे म्हणावे?

पण इथे थोडे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विटलेला रंग, उडालेले पापुद्रे, वाकलेली चौकट ही कॅमेऱ्यातून फार देखणी दिसतात. एकदा एका वाड्याच्या दाराचे चित्र काढून झाल्यावर आतून एक आजी बाहेर आल्या. चहा विचारला आणि म्हणाल्या, “ताई, दाराचा फोटो काढलात तसा आमच्या छपराचाही काढा. पावसाळ्यात तिथूनच गळतं.” मी आत गेले. माजघरात तीन भांडी गळतीखाली ठेवलेली होती. बाहेरून ज्याला आपण सौंदर्य म्हणतो, ते आतून एखाद्या बाईचे रोजचे पाणी उपसणे असते. तेव्हापासून दाराचे चित्र काढले की आतल्या माणसांची विचारपूस आणि त्यांची परवानगी, ही मी कामाचाच भाग समजते. ॲननच्या चित्रांत धूसर झालेल्या बाया आपल्या चित्रांत धूसर होऊ नयेत.

वाडे पडतात ते केवळ वयाने नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला घराबाहेर काढण्यापासून संरक्षण दिले. महायुद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यकच होते. पण त्याचा आधार १ सप्टेंबर १९४० चे भाडे हा होता. पुढे चुना, वाळू, लाकूड, मजुरी सगळे कितीतरी पटींनी वाढले, भाडे जिथल्या तिथे राहिले. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात कौले कशी शाकारू? भाडेकरू म्हणे, घर माझे नाही, मी का खर्च करू? २००० साली लागू झालेल्या नव्या कायद्याने भाड्यात दरसाल शेकडा चार वाढ करण्याची मुभा दिली. पण मूळ रक्कमच जिथे नाममात्र, तिथे तेवढ्याने काय होणार? त्यातच मालकी अनेक वारसांत वाटलेली. शिवाय १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटून पुराचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा कच्च्या विटांच्या नि मातीच्या भिंती विरघळून कितीतरी वाडे एका दिवसात बसले. उरलेल्यांतले पुष्कळ पुढे पाडून तिथे नव्या इमारती आल्या. त्यांत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींना नळाचे पाणी आणि न गळणारे छप्पर मिळाले, याचा मला आनंदच आहे. वाडे जसेच्या तसे ठेवा असे मी म्हणत नाही. पाडण्यापूर्वी पाहून ठेवा, एवढेच म्हणते.

काही दारे संग्रहालयात गेली. राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे आहेत. कोथरूडचा मस्तानी महालही तिथे नेऊन उभारला आहे. दिनकरराव केळकरांनी केलेले हे काम फार थोर. पण संग्रहालयात येणारे दार आपले घर मागे सोडून येते. त्याचा उंबरठा कोणी रोज सारवत, पूजत नाही. ते त्याच्या जागी असतानाचे रंगीत चित्र जवळ असेल, तरच त्याची पूर्ण हकीकत सांगता येईल.

आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठे दार तर आता जाग्यावर नाहीच. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. अंगावर शेण-चिखल झेलत सावित्रीबाई शिकवायला जात, हे आपण लेकीनातींना सांगतो. छायाचित्रणाचा शोध लागून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. पण त्या शाळेचे किंवा तिथे पाऊल टाकणाऱ्या मुलींचे तेव्हाचे एकही छायाचित्र आपल्यापाशी नाही. पुढे त्या वाड्याला दुकाने लागली, भिंती खचल्या, खटले चालले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२३ च्या डिसेंबरात महापालिकेने तो पडका वाडा उतरविला, तो तिथे स्मारक व्हावे म्हणून. स्मारक हवेच. परंतु मूळ वाडा कसा होता असे उद्या एखाद्या मुलीने विचारले, तर तिला दाखवायला त्याच्या अखेरच्या वर्षांतली रंगीत छायाचित्रेच पुढे करावी लागतील. त्यांतल्या मळक्या भिंती आणि खचलेले लाकूड पाहून ‘एवढेसेच होते का?’ असे तिला वाटेल. होय, एवढेसेच होते. एवढ्याशाच जागेतून एवढे मोठे काम सुरू झाले, हे त्या पडझडीतूनच तिला नीट कळेल.

म्हणून मंडळाच्या भगिनींना माझे एक मागणे आहे. आता कॅमेरा प्रत्येकीच्या हातातल्या फोनमध्येच आहे. आपले स्वतःचे, माहेरचे, शेजारचे जुने दार असेल तर त्याचे रंगीत छायाचित्र काढून ठेवावे. भर दुपारच्या उन्हात काढू नये. सकाळच्या सावलीत किंवा ढगाळ दिवशी रंग खरे उतरतात. दारासमोर सरळ उभे राहून आधी सबंध चौकट घ्यावी, मग उंबरठा, कडी, तोरणाचे खिळे, रंगाचे थर जवळून घ्यावेत. एका चित्रात पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि मोजपट्टी ठेवावी, म्हणजे रंग आणि माप पडताळता येते. पूजेची खूण धुऊन दार ‘स्वच्छ’ करू नये; तीच तर नोंद आहे. चित्रासोबत पेठ, तारीख, घरच्यांचे नाव त्यांच्या संमतीने, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आठवत असेल ते लिहून घ्यावे : हा हिरवा रंग कोणाच्या लग्नात लावला, या कोनाड्यात दिवा कोण लावी. छापील प्रत अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावी. १९७०–८० च्या सुमाराचे आपले लग्नाचे रंगीत फोटो कसे लालसर होऊन गेले आहेत, ते आठवा. रंगीत चित्रेही दारांसारखीच विटतात. म्हणून एकीकडे फोनमध्ये, दुसरीकडे घरच्या संगणकात आणि तिसरीकडे मंडळाच्या कपाटात, अशा तीन ठिकाणी ती असावीत.

मंडळाने यासाठी एक वही आणि कपाटातला एक कप्पा द्यावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत पंचवीस दारे नोंदली गेली तरी पुष्कळ झाले. माझ्याजवळची सर्व चित्रे मी मंडळाला देत आहे. त्या गळक्या छपराचे चित्रही त्यांत आहे.